‘मला नाही यायचं’ म्हणणाऱ्या मुलाला घेऊन चोवीस दिवस परदेशी

गुहागर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय. मुलगा १३ वर्षांचा, आठवी संपवून नववीत जाणारा. ताईंचा भाऊ नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमला नोकरीला आहे. आंबा आटोपला की २३ मेच्या सुमारास निघायचं आणि शाळा सुरू व्हायच्या आत परत यायचं, असा २४ दिवसांचा बेत. सोबत ६८ वर्षांच्या सासूबाई. मुलाचे वडील जहाजावर नोकरीला, त्यांना सुट्टी नाही. आणि मुलगा सरळ म्हणतो, “मला नाही यायचं.” मेमध्ये मुंबईची भावंडं येतात, खाडीत डुंबायचं असतं, वाडीच्या स्पर्धेत तो ओपनिंगला जातो. गेल्या वर्षी थायलंडला सहा दिवस नेला तर फोनमधून मान वर केली नाही. एवढे पैसे घालून पुन्हा तेच होणार असेल तर काय करावं, हा प्रश्न. सोबत आखलेला कार्यक्रमही पाठवलाय: ७ देश, ११ हॉटेलं.

ताई, मी २२ वर्षं रत्नागिरीतून माणसं परदेशी नेतोय, त्यात शाळकरी मुलं शेकड्यांनी आली. आधी त्या कार्यक्रमाच्या कागदाबद्दल बोलतो, कारण तुमच्या मुलाचं अर्धं ‘नाही’ त्या कागदातच आहे.

११ हॉटेलं म्हणजे ११ वेळा बॅगा भरणं आणि ११ वेळा “आवर रे लवकर, गाडी जाईल”. मुलाच्या लेखी ही सहल नव्हे, चोवीस दिवसांची सकाळची शाळा. तिलाच तो नको म्हणतोय आणि मला त्याचं पटतं. जर्मनी, ऑस्ट्रिया, बेल्जियम काढून टाका. मामाकडे रॉटरडॅमला ९ रात्री, स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नला ६, व्हेनिसला ३, रोमला ४. पॅरिस हवंच असेल तर रॉटरडॅमहून थेट गाडी आहे, तीन तासांच्या आत पोचवते. मामाकडच्या नवातल्या दोन रात्री तिकडे घालवा. शेजारी विचारतील, किती देश केलेत? चार सांगा. रोममधलं व्हॅटिकन धरलं तर पाच होतात.

आणि दर चार दिवसांनी एक दिवस कोरा ठेवा. कोरा म्हणजे खरंच कोरा, “जवळचं एखादं म्युझियम करून येऊ” वाला नव्हे. माझ्या पाहण्यात लांबच्या सहलीचा सगळ्यात वाईट दिवस नववा ते अकरावा. नवलाई संपलेली असते, घर अजून लांब असतं, आणि घरातलं मोठं भांडण नेमकं तेव्हा होतं. ल्युसर्नला पोचाल तो बहुतेक दहावा दिवस असेल. त्या दिवशी तळ्याकाठी बसा, कपडे धुवा, भात-आमटी करा. मुलगा दुपारी तीनपर्यंत झोपला तर झोपू द्या.

आता त्याच्या ‘नाही’बद्दल. मे महिना ही कोकणातल्या मुलाची स्वतःची मालमत्ता असते आणि तुम्ही ती न विचारता खर्चाला काढलीत. त्यामुळे “लोकांना मिळत नाही आणि तुला नको” हे वाक्य घरात बोलूच नका. तिकीट काढायच्या आधी त्याला स्पर्धेच्या तारखा विचारा. फायनल २४ तारखेला असेल तर २६ला निघा. दोन-तीन दिवसांनी युरोप कुठे जात नाही. माझ्या अनुभवात एवढी एक गोष्ट त्याच्या मनासारखी झाली की पुढच्या निम्म्या कटकटी उपटत नाहीत.

माझा खरा मुद्दा मात्र पुढेच आहे. मुलं परदेश बघतात ती घरचं माप लावून. ॲमस्टरडॅमच्या कालव्यात बोटीत बसल्यावर तुमचा मुलगा म्हणणार, “यात काय? दाभोळ-धोपावेची फेरी याच्यापेक्षा मोठी आहे, तिच्यात एसटीपण चढते.” इथे बहुतेक आई-बाप खेकसतात, “इथे येऊन पण तुझं दाभोळच!” तेवढं सोडून काहीही करा. पोराने पहिल्यांदा मान वर करून पाहिलंय आणि जे पाहिलं ते ओळखीच्या गोष्टीशी ताडून बघितलंय. तिथे गप्प केलंत की तो पुन्हा फोनमध्ये.

एकदा आमच्या ग्रुपमध्ये पेणकडचा सातवीतला एक मुलगा होता. पहिले तीन दिवस कुणाशी धड बोलला नाही. चौथ्या दिवशी आम्ही किंडरडाइकला गेलो. तिथे १७४०च्या सुमारास बांधलेल्या १९ पवनचक्क्या ओळीने उभ्या आहेत. सगळे फोटो काढत होते आणि हा बांधावर उभा राहून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे बघत होता. एका बाजूला कालव्याचं पाणी, दुसऱ्या बाजूला हिरवं शेत, आणि शेत पाण्यापेक्षा खाली. माझ्याजवळ येऊन म्हणाला, “काका, उघाडी कुठाय?”

खारजमिनीची शेती ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. खाडीकाठी बांध घालून आत भात लावतात. आतलं पावसाचं पाणी बाहेर जायला बांधात झडप असते, ती उघाडी. ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते, भरती आली की बाहेरच्या पाण्याने मिटते. त्या मुलाच्या आजोबांच्या बांधाला एका उधाणात खांड गेली होती, म्हणजे बांध फुटला होता, आणि दोन वर्षं शेतात भाताचं पीक आलं नव्हतं. त्यामुळे बांध दिसल्यावर त्याने पहिलं झडप शोधली. पवनचक्कीकडे त्याचं लक्षही नव्हतं.

मग मी त्याला काठीने मातीत रेघा ओढून दाखवलं. आपली खारजमीन ओहोटीच्या पाण्यापेक्षा वर राहते, म्हणून पाणी आपलं आपण निघून जातं. इथली जमीन दलदलीची, पीटची म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याची होती. तिच्यातलं पाणी काढलं तसतशी ती शेकडो वर्षांत खचत गेली. आता ओहोटी आली तरी पाणी बाहेर वाहत नाही, ते उचलूनच टाकावं लागतं. पवनचक्क्या पाणी उचलून वरच्या साठ्यात टाकायच्या आणि नदी उतरली की दार उघडून ते नदीत सोडायचे. “म्हणजे उघाडी आहे, पण माडीवर,” तो म्हणाला. मी इतक्या वर्षांत इतक्या गाइडांची भाषणं ऐकली, याहून नेमकं वाक्य ऐकलं नाही. पुढचे दिवस तो आम्हाला जागोजागी झडपा दाखवत होता.

तुमच्या मुलाला हे सगळं रॉटरडॅमच्या आसपास मिळेल. रॉटरडॅमहून किंडरडाइकला नदीतून वॉटरबस जाते. विमानातून उतराल तो ॲमस्टरडॅमचा शिपोल विमानतळही जुन्या तळ्याच्या तळाशी आहे. ते तळं वाफेच्या पंपांनी उपसून १८५२ साली कोरडं केलं. धावपट्टी समुद्रसपाटीपेक्षा सुमारे तीन मीटर खाली. उतरण्याआधी हे त्याला सांगून ठेवा, खिडकीची जागा द्या, आणि मग काही विचारू नका.

शिवाय वडील जहाजावर आहेत, हे तर तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंत. माझ्या मते तुमच्या सहलीचा कणा तोच आहे. रॉटरडॅम हे युरोपातलं सगळ्यात मोठं बंदर. शहरातून मेट्रो थेट हुक ऑफ हॉलंडच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत जाते. तिथे बसलं की समोरून जहाजं आत येतात, चारशे मीटर लांबीचीही. जहाजाचं नाव, कुठून आलं, कुठे चाललं हे दाखवणारी ॲप असतात. वडिलांचं जहाज शोधायला तो ती आधीपासून वापरतही असेल. अर्धा दिवस त्याला तिथे बसू द्या. त्याच वाटेवर मासलांट नावाचं पूर अडवायचं फाटक आहे. १९५३च्या फेब्रुवारीत उधाण आणि वादळ एकत्र येऊन नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली. त्यानंतर जी बांधकामं सुरू झाली त्यातलं हे शेवटचं मोठं, १९९७चं. दोन दारं, प्रत्येक २१० मीटर लांब आणि २२ मीटर उंच. उघाडीच, पण नदीएवढी. (ट्यूलिपची बाग तुमच्या यादीत आहे, ती मेच्या मध्यालाच बंद होते. खोडून टाका.)

फोनबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. उन्हाळ्यात युरोप आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतो. तिकडे दुपारचे तीन वाजतात तेव्हा वाडीत साडेसहा झालेले असतात, पोरं मैदानावरून घरी येऊन ग्रुपवर बडबडत असतात. आणि तिकडे संध्याकाळचे सात वाजले की इकडे सगळे झोपायच्या तयारीत. म्हणजे मित्रांशी बोलायची त्याची वेळ नेमकी तुमच्या म्युझियमच्या वेळेत येते. तुम्हाला वाटतं कार्ट्याला कशातच रस नाही. त्याला कळायचं असतं की सेमीफायनलला कोण किती धावांवर गेलं. दुपारी तीन ते साडेतीन एका बाकावर बसायचं, आजींना कॉफी, त्याला फोन, हे ठरवून टाका. उरलेल्या वेळात फोन त्याच्या हातातच राहू द्या, पण नकाशा त्याचा. चुकला तर चुकू द्या. अर्धा तास उलटं चाललात तर आजींचा पाय दुखेल, पण पुढच्या वेळी तो दोनदा तपासेल.

याला मी काम देणं म्हणतो. “मदत कर” हे काम नव्हे. त्याच्या एकट्याच्या अखत्यारीतली गोष्ट हवी. गाडीचा प्लॅटफॉर्म शोधणं हे त्याच्याकडे. सुट्टी नाणी त्याच्याकडे: नेदरलँड्समध्ये, इटलीत बऱ्याच स्टेशनांवर स्वच्छतागृहाला युरो मोजावे लागतात, स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक. आजींना घाईची लागली की नाणेवाल्याचा भाव काय वाढतो ते बघाच! शिवाय ४० युरो त्याचे स्वतःचे, हिशेब न विचारता. त्यातले पंधरा तो कुठल्या तरी फालतू टोपीवर घालवणार. तुम्हीही पैठणीच्या दुकानात तेच करता.

झोपेचं म्हणाल तर पश्चिमेकडे जाताना फार त्रास होत नाही, फक्त पहिले तीन-चार दिवस सगळे पहाटे चारला टक्क जागे होतात. मेअखेर तिकडे साडेपाचला उजाडतं. आजी आणि नातू दोघेही जागे असतात, तेवढ्या वेळात दोघांना पावाच्या दुकानापर्यंत पाठवा. संध्याकाळी मात्र सातला त्याचे डोळे मिटायला लागतात तेव्हा रात्रीच्या जेवणाची मोठी बैठक ठेवू नका. परत येताना उलटं होतं, पूर्वेकडचा प्रवास अंगाला जास्त जड जातो. शाळेच्या आधी चार दिवस तरी घरात असा, त्यासाठी चोवीसातले काही दिवस कापावे लागले तरी कापा.

स्वित्झर्लंडबद्दल एकच ताकीद, आणि ती माझ्या चुकीतून आलेली. सुरुवातीच्या वर्षांत मी एक ग्रुप नाश्त्यानंतर थेट युंगफ्राउयोखला चढवला. उंची ३,४५४ मीटर. आपण समुद्रकाठची माणसं, आदल्या आठवड्यात पायाखाली वाळू. वर पोचल्यावर मुलं बर्फात पळत सुटली. मीच म्हटलं होतं, खेळा. वीस मिनिटांत मालगुंडकडचा एक दहा वर्षांचा मुलगा पांढराफटक पडून ओकायला लागला. खाली आणल्यावर तासाभरात हसायला लागला, पण त्याच्या आईचा चेहरा मी विसरलेलो नाही. सोबत आजी आहेत, तर तुम्ही पिलाटसवर जा. दोन हजार मीटरच्या थोडं वर, ल्युसर्नहून सोपं, आणि १८८९ सालची दातेरी रुळावरची गाडी ४८ टक्के चढ चढते. कुंभार्ली घाटात पोटात ढवळणाऱ्यालाही त्यात काही होत नाही, कारण वळणंच फारशी नाहीत. वर गेल्यावर पाणी पीत राहायचं आणि पळायचं नाही. तुम्ही स्विस ट्रॅव्हल पास घेतलात तर १६ वर्षांखालचं मूल आईबरोबर फुकट जातं; फॅमिली कार्ड तेवढं आठवणीने मागा.

ल्युसर्नहून मिलानकडे जाताना गॉटहार्डचा बोगदा लागतो, ५७ किलोमीटर. कोकण रेल्वेचा सगळ्यात लांब बोगदा उक्षीच्या पुढचा करबुड्याचा, साडेसहा किलोमीटर. आपली गाडी त्यातून चार-पाच मिनिटांत बाहेर पडते. गॉटहार्डमध्ये शिरताना त्याला घड्याळ लावायला सांगा आणि किती वेळ लागेल यावर पैज मारा. पुढे कुठला डोंगर दिसला हे तो विसरेल, ती मिनिटं नाही विसरायचा.

व्हेनिसला आपली खाडीकाठची मुलं इतरांपेक्षा हुशार ठरतात. हर्णैची नववीतली एक मुलगी होती आमच्यात. कालव्याकाठच्या पायऱ्यांवर एक गोरं जोडपं फोटोसाठी खाली खाली सरकत होतं. खालच्या तीन पायऱ्या हिरव्या होत्या. ही पुढे झाली आणि मराठीतच ओरडली, “ओ, शेवाळ आहे, पडाल!” हातवारे बघून ते मागे सरले. मग तिने मला विचारलं, भरतीला पाणी एवढंच चढतं का. तिथे साधारण मीटरभर. आपल्याकडे उधाणाला त्याच्या दुप्पट-अडीचपट. “मग एवढ्यावर शहर बुडतं?” असं म्हणून ती बराच वेळ त्या हिरव्या रेघेकडे बघत बसली. आमच्या गाइडबाई पुढे निघून गेल्या होत्या. मी तिथेच थांबलो.

रोममध्ये उन्हाने हैराण व्हाल. रस्त्यारस्त्यावर ओतीव लोखंडाचे नळ आहेत, शहरभर अडीचेक हजार, पाणी पिण्याचं आणि फुकट. तोटीला खालून बोट लावलं की वरच्या भोकातून कारंजं उडतं. हे त्याला सांगायचं नाही, त्याचं त्याला सापडू द्या. इटलीतली सरकारी संग्रहालयं, कोलोसियम, पॅरिसचं लूव्र हे सगळं १८ वर्षांखाली फुकट आहे. वेळ मात्र आधी ठरवून घ्यावी लागते आणि वयाचा पुरावा जवळ हवा.

खाण्याचं: तूप, पेढे, चिकन-मटणाचं लोणचं युरोपात नेता येत नाही, दूध आणि मांस दोन्हीला बंदी. आंब्याची पेटीसुद्धा नाही. ताज्या फळांत नारळ, केळी, अननस, खजूर, ड्युरियन एवढीच मोकळी आहेत. मामाला हापूस खायचा असेल तर त्याने गावी यावं. सुकं खोबरं विमानात चालत नाही, ते पेट घेतं. सुक्या मासळीला तशी बंदी नाही, पण सोड्यांचा डबा बॅगेत फुटला तर चोवीस दिवस लोक तुमच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसतील. मेतकूट, आमसुलं, आंबापोळी, पोहे न्या. आणि रॉटरडॅमच्या बाजारात आजींना मिठात मुरवलेला हेरिंग मासा एकदा चाखवा, वर कच्चा कांदा घालून देतात. आमच्या ग्रुपमधल्या एका आजींनी शेपटीला धरून तोंडात सोडला आणि म्हणाल्या, “खारा बांगडाच की, फक्त मीठ घालायला हात आखडलाय.” नातवाने तो प्रसंग व्हिडिओत घेतला. त्या सहलीतला त्याचा तेवढाच व्हिडिओ.

कागदपत्रांचं उरकून टाकतो. शेंगेन व्हिसाचा (हे चारही देश एकाच व्हिसात येतात) अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. मेसाठी जानेवारी-फेब्रुवारीतच करा, मार्च-एप्रिलमध्ये मुंबईच्या तारखा मिळत नाहीत आणि तुम्हाला मोहोर-फवारण्यांतून सवडही नसेल. १२ वर्षांच्या पुढे बोटांचे ठसे देतात, म्हणजे मुलाला मुंबईला न्यावंच लागेल. मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी शिल्लक हवेत. वडील येणार नाहीत तर त्यांचं संमतिपत्र लागेल, सही नोटरीसमोर. ते जहाजावर चढायच्या आधी करून घ्या. याच एका कागदासाठी अडकलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. विमा किमान ३०,००० युरोचा, आणि आजींचा बीपी-मधुमेह त्यात लपवू नका.

परत आल्यावर वाडीतले विचारतील, “काय रे, काय काय बघितलंस?” तो म्हणेल, “मजा आली,” आणि निघून जाईल. पुढे ढकलून त्याच्याकडून भाषण काढू नका. गणपतीत भावंडं जमली की आपण होऊन निघेल, आणि तेव्हा तुमच्या आयफेल टॉवरचा त्यात उल्लेखही नसेल.

तुम्ही शेवटी विचारलंत की तो बॅट न्यायचा हट्ट धरतोय, वजन वाढेल, काय सांगू? न्या. प्लॅस्टिकची हलकी बॅट घ्या. रॉटरडॅमच्या बागांत संध्याकाळी आपली मुलं खेळताना दिसतात, मामाला माहीत असेल. केबिनच्या बॅगेत बॅट चालत नाही, चेक-इनमध्ये टाका. चेंडू मात्र तीन-चार घ्या, तिकडे मिडविकेटला बहुधा कालवा असतो.